शेततळ्यातले मासे एका रात्रीत मेले, विष की शेवाळ?

निफाडचा_पोरगा
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांब होईल, पण कुणाला कळत असेल तर प्लीज सांगा. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि तिच्यासाठी ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद. मागच्या वर्षी वडिलांनी त्यात कटला, रोहू, मृगळची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. फार काही धंदा म्हणून नाही, पाणी आहेच तर मासे होतील असं म्हणून, पण त्यांना लळा लागला हो, रोज सकाळी पेंड टाकायला स्वतः जायचे.

जानेवारीत पाणी इतकं नितळ की कागदाच्या घड्या दिसायच्या. थंडी तर तुम्हाला माहितीये निफाडची, पहाटे बागेत शेकोट्या करतो आम्ही. मार्चमध्ये कुणीतरी सांगितलं की शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाका, पाणी हिरवं झालं की माशांना खाद्य होतं. टाकलं. पंधरा दिवसांत पाणी पोपटी आणि एप्रिलमध्ये गडद हिरवं, कोपऱ्यात शेवाळाचे लगदे, ठिबकचा सँड फिल्टर दिवसातून दोनदा बॅकवॉश. मग दोन दिवस ढगाळ गेले आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अवकाळी आला, गारा नाही पण जोराचा वारा आणि अर्धा पाऊण तास थंड पाऊस. सकाळी आई गेली तर मासे उलटे तरंगत होते.

गावात सगळे म्हणतायत कुणीतरी औषध टाकलं. शेजाऱ्याशी बांधावरून जुना वाद आहे, त्यामुळे सगळ्यांची बोटं तिकडंच. वडील नीट जेवत नाहीयेत. मला कुणावर आळ घ्यायचा नाही, पण खरं काय झालं ते कळायला पाहिजे. तेच पाणी जानेवारीत चांगलं आणि एप्रिलमध्ये असं कसं होतं?

दिंडोरी_द्राक्ष
वाईट वाटलं भाऊ. शेवाळाचा त्रास आम्हाला पण दर उन्हाळ्यात. मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, दोन दिवसात पाणी साफ. फडक्यात बांधून चार कोपऱ्यात सोडायचं. माशांचं मला माहीत नाही, आमच्याकडं मासे नाहीत.

नाशिकरोडचे_मास्तर
थांबा, मोरचूद टाकायची घाई करू नका. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. निफाडकर, मला चार गोष्टी सांगा. मासे किती वाजता मेलेले दिसले? आधी मोठे मेले की लहान? आदल्या दिवशी ते पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करत होते का? आणि बेडूक, पाण्यातले किडे, ते पण मेले का?

निफाडचा_पोरगा
सर, आई साडेपाचला गेली तेव्हा बरेच मेले होते. मोठे कटले सगळे गेले, लहान मृगळ बरेच वाचले, अजून आहेत. तोंड उघडझाप म्हणाल तर हो, आधीचे दोन दिवस सकाळी दिसायचं, वडिलांना वाटलं भूक लागलीये म्हणून पेंड जास्त टाकली. बेडूक जिवंत आहेत.

नाशिकरोडचे_मास्तर
मग शेजाऱ्याचं नाव काढून टाका डोक्यातून. विष असतं तर बहुतेक वेळा लहान मासे आधी जातात, वेळ कुठलीही असू शकते, आणि पाण्यातले किडे पण मरतात. मोठे मासे, पहाटेची वेळ आणि आधीचे दिवस वर येऊन हवा घेणं, ही ऑक्सिजन संपल्याची खूण आहे. मोठ्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो, तो आधी गुदमरतो. वडिलांना हे आजच सांगा.

आता तुमचा जानेवारी-एप्रिलचा प्रश्न. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. हवेतून जेवढा ऑक्सिजन पाण्यात मावतो तो १० अंशाला लिटरमागे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१, ३० अंशाला जेमतेम ७.५. हे आकडे समुद्रसपाटीचे, आपण सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर राहतो, म्हणून अजून सहा-सात टक्के कमी धरा. म्हणजे एप्रिलमध्ये तुमच्या तळ्याची तिजोरीच लहान झाली होती. आणि खर्च? तो वाढला. मासा, शेवाळ, जिवाणू या सगळ्यांचा श्वास गरमीत वाढतो, ढोबळमानानं दर १० अंशाला दुप्पट. जानेवारीच्या पहाटे पाणी १५-१६ अंश असेल तर एप्रिलमध्ये २६-२७. जमा कमी, खर्च दुप्पट, आणि तळाशी शेणखत कुजतंय.

लोकांना वाटतं शेवाळ ऑक्सिजन देतं म्हणजे चांगलंच. देतं, पण ऊन असेपर्यंत. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. जेवढं हिरवं जास्त, तेवढी रात्र जड.

कॉलेजरोड_अक्वा
सर, एक शंका. माझ्याकडे घरी मोठे फिशटँक आहेत आणि गच्चीवर एक सिमेंटची टाकी. ऑक्सिजन मीटर आहे. मे महिन्यात दुपारी ३ वाजता गच्चीच्या टाकीत ३२ अंशाला मीटरनं १२ च्या वर दाखवलं. तुम्ही म्हणता ३० ला साडेसातच मावतो, मग मीटर खोटं का?

पाणीतपासणी_ताई
मीटर खोटं नाही, मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, असे आकडे आम्हाला पण दिसतात. सरांनी सांगितलेला आकडा हवेशी समतोलात असलेल्या पाण्याचा आहे. भर उन्हात शेवाळ ऑक्सिजन इतक्या वेगानं बनवतं की तो हवेत निघून जायच्या आत पाण्यात साचतो, म्हणून आकडा वर जातो. कागदावर चिकटलेलं शेवाळ दुपारी सुटून वर तरंगायला लागतं ते पण याच्यामुळंच, त्याच्या धाग्यांमध्ये ऑक्सिजनचे बुडबुडे अडकतात आणि गादी उचलली जाते. पण हीच टाकी पहाटे ५ ला मोजा, एवढंच सांगते. दुपारचा आकडा बघून खूश होऊ नका.

निफाडचे दादा, तुमच्या पोस्टमधला पाऊस महत्त्वाचा आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. उन्हाळ्यात शेततळ्यात पाण्याचे थर होतात. वरचं ३१, खालचं २५ असं काहीतरी. गरम पाणी हलकं, ते वरच बसतं. आणि गंमत अशी की गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात थोडासा फरक पण जास्त घट्ट थर करतो. ५ वरून १० अंशाला गेल्यावर हजार लिटर पाणी साधारण पाव किलोनं हलकं होतं, पण २५ वरून ३० ला गेल्यावर जवळजवळ १.४ किलोनं. म्हणून हिवाळ्यात रोज रात्री पाणी वरखाली मिसळतं आणि उन्हाळ्यात वरचं आणि खालचं पाणी दिवसेंदिवस एकमेकांना भेटत नाही.

आता खाली काय होतं बघा. वर हिरवं इतकं दाट की खाली ऊन पोचत नाही. तळाला शेणखत, उरलेली पेंड, मेलेलं शेवाळ कुजतं, तिथला ऑक्सिजन संपतो. ऑक्सिजन संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो, अमोनिया साठतो, कुजक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वरवर सगळं ठीक दिसतं. मग ढगाळ दोन दिवस, म्हणजे ऑक्सिजन बनणं कमी पण खाणं चालूच. वरून थंड पाऊस आणि वारा, वरचा थर गार झाला, जड झाला, खाली गेला आणि खालचं मेलेलं पाणी वर आलं. तुमचे मासे त्या रात्री गुदमरले. पावसानंतर सकाळी पाण्याला वास होता का? रंग बदलला होता का?

निफाडचा_पोरगा
ताई, अंगावर काटा आला. हो, वास होता, गटारासारखा, आम्हाला वाटलं माशांचा आहे. आणि पाणी हिरव्याचं करडं-तपकिरी झालं होतं. वडिलांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी शेजारच्या काकांकडं जाऊन बसले तासभर.

दिंडोरी_द्राक्ष
ताई, पीएचचं पण सांगा जरा. माझ्या शेततळ्याच्या पाण्याचा पीएच कधी ८ येतो कधी ९.५, मला वाटायचं पट्ट्या खराब आहेत.

पाणीतपासणी_ताई
पट्ट्या चांगल्या आहेत, तुम्ही वेळ वेगवेगळी घेताय. शेवाळ उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. तो पाण्यात आम्ल म्हणून असतो, तो गेला की पीएच चढतो. तो संपला की शेवाळ बायकार्बोनेटमधून कार्बन काढतं आणि पीएच अजून वर जातो. रात्री सगळे श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड परत येतो, पीएच उतरतो. दाट हिरव्या तळ्यात पहाटे ७.८ आणि दुपारी ९.५ हे नेहमीचं. गरम पाण्यात कार्बन डायऑक्साइड पण कमी विरघळतो, त्यामुळं उन्हाळ्यात हा झोका मोठा.

आणि हा झोका माशांना दुसऱ्या बाजूनं मारतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक जवळजवळ निरुपद्रवी, दुसरं विषारी. विषारी रूपाचा वाटा पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशाला पीएच ८ असेल तर एकूण अमोनियाचा ५ टक्क्यांच्या आसपास भाग विषारी, पीएच ९ ला तोच ३६ टक्के. पाणी ३० अंशाचं झालं की पीएच ९ ला ४४-४५ टक्के, आणि १५ अंशाला असतं तर २१-२२. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, फक्त ऊन चढलं. म्हणून उन्हाळ्यात जास्त पेंड टाकणं म्हणजे माशांवर दोन्हीकडून घाला.

नाशिकरोडचे_मास्तर
ताईंनी फार छान सांगितलं. दिंडोरीकर, तुमच्या ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडाशी जो पांढरा खडूसारखा थर बसतो, तो पण याच झोक्याचा भाऊ. आपली जमीन काळ्या बसाल्टची, विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुनखडी उलट वागते, पाणी तापलं की कमी विरघळते. त्यात पीएच चढला की खाली बसते. उन्हात तापलेली ठिबकची काळी नळी (लॅटरल), आत शेततळ्याचं दुपारचं पाणी, दोन्ही जुळून आलं. ॲसिड देता तेव्हा तो थर जातो, पण एक सांगतो, ॲसिड आणि ब्लिचिंग कधीही एकत्र किंवा लागोपाठ एकाच टाकीतून देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो, तो फुफ्फुसं जाळतो.

दिंडोरी_द्राक्ष
सर, आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला, फवारणीचं! मी ब्लोअरची टाकी दुपारी भरून ठेवायचो आणि संध्याकाळी मारायचो. कॅप्टन या बुरशीनाशकाचा रिझल्ट येत नाही म्हणून दुकानदाराशी दोनदा भांडलो.

पाणीतपासणी_ताई
दादा, कॅप्टन अल्कलीत टिकत नाही. पीएच ७ ला काही तासात अर्धं होतं, ८ ला काही मिनिटात. पाणी गरम असेल तर अजून लवकर. तुम्ही ९.५ च्या पाण्यात दोन-तीन तास ठेवलंत, फवारताना टाकीत औषध उरलंच नसेल. पाणी पहाटे भरा, पीएच बघा, गरज असेल तर सायट्रिक ॲसिडनं ६ च्या आसपास आणा आणि मग औषध घाला, लगेच मारा. फक्त बोर्डो आणि तांब्याच्या औषधांना हा नियम लावू नका, आम्लात तांबं जास्त सुटं होऊन पानं जळतात, लेबल वाचा.

सिन्नरची_माई
मी रोज वाचते पण लिहीत नाही. आमच्याकडे चार गाई आहेत आणि त्या शेततळ्याच्या हौदातलं पाणी पितात. मे महिन्यात पाण्यावर हिरव्या ऑइलपेंटसारखी साय येते, वाऱ्यानं एका कडेला जमते. ती धोक्याची असते का? उकळून दिलं तर चालेल का?

पाणीतपासणी_ताई
माई, बरं झालं विचारलंत. काठी बुडवून उचला. केसांसारखे धागे लोंबत असतील तर ते साधं हिरवं शेवाळ, त्रासदायक पण सहसा विषारी नाही. काठीला रंग लावल्यासारखा लेप बसला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं. नाव शेवाळ असलं तरी ते खरं जिवाणू आहे, सायनोबॅक्टेरिया. त्याला २५ अंशाच्या वरचं पाणी मानवतं, आणि मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशीत हवेचे छोटे कप्पे असतात, त्यामुळं ते स्थिर तापलेल्या पाण्यात वर येऊन ऊन खातं आणि बाकीच्यांना सावलीत टाकतं. थंडीत जे तपकिरी निसरडं असतं कागदावर, ते बहुतेक डायटम, त्यांना गार पाणी आवडतं. ऋतू बदलला की तळ्यातली वस्तीच बदलते.

त्या सायीत यकृताला मारणारं विष असू शकतं, जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात या विषाची, म्हणजे मायक्रोसिस्टिनची, मर्यादा लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅम ठेवलीये. उकळून ते विष जात नाही, उलट पेशी फुटून पाण्यात येतं. मोरचूद टाकल्यावर पण तसंच होतं. तुम्ही एवढंच करा, साय असताना गाईंना विहिरीचं पाणी द्या, हौदावर शेडनेट टाका आणि हौद दर आठवड्याला घासून रिकामा करा. कुत्र्यांना पण त्या कडेला जाऊ देऊ नका.

सिन्नरची_माई
देव तुमचं भलं करो ताई. काठीला लेपच बसला. आजपासून विहिरीचं पाणी.

गोदाकाठ
मध्येच येतो, हे सगळं वाचून नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य आठवलं. तिथं पण पाणी उथळ, गाळ भरपूर, खतं वाहून येतात, पण गोदावरी आणि कादवेचं पाणी हलत राहतं आणि थंडीत हजारो पक्षी येतात. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. साचलेलं आणि हलतं यातला फरक तिथं उन्हाळ्यात फुगवट्याच्या कडेला उभं राहिलं की नाकानं कळतो.

निफाडचा_पोरगा
ताई, सर, मग आता मी मोरचूद टाकू की नको? पाणी अजून हिरवंच आहे आणि वाचलेले मृगळ आहेत.

पाणीतपासणी_ताई
आत्ता नको. कारण सांगते. मोरचूदनं शेवाळ एकदम मरेल, मेलेलं शेवाळ गरम पाण्यात झटपट कुजेल, आणि कुजायला परत ऑक्सिजनच लागेल. म्हणजे जे झालं तेच परत. शिवाय मोरचूदमधल्या तांब्याचा विषारीपणा पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटीवर, खारटपणावर नाही) आहे. क्षारता लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूदला हातच लावायचा नाही. त्याच्या वर असेल तर मत्स्यपालनात ढोबळ हिशोब वापरतात, क्षारता भागिले १०० एवढे मिलिग्रॅम लिटरला. तुमचं तळं, बाजूचा उतार एकास एक धरला तर, पूर्ण भरल्यावर जवळजवळ २२ लाख लिटरचं आहे. क्षारता २०० असेल तर साडेचार किलोच्या आत झालं, आणि आत्ता तळं अर्धं असेल तर त्याहून कितीतरी कमी. लोक अंदाजानं पोतं रिकामं करतात. आणि ते पण एकदम नाही, तिसरा हिस्सा तळं धरून, मध्ये आठ-दहा दिवस सोडून, सकाळी ऊन पडल्यावर, पाणी गार असलेल्या महिन्यात. तांबं गाळात साठत राहतं आणि तेच पाणी बागेला जातं, हे पण डोक्यात ठेवा.

नाशिकरोडचे_मास्तर
खत बंद, पेंड अर्धी, ढगाळ दिवशी पेंड शून्य. हात कोपरापर्यंत बुडवा, तळवा दिसत नसेल तर पाणी गरजेपेक्षा हिरवं आहे. आणि मोटर रात्री दोन ते सहा चालवून पाणी परत तळ्यातच उंचावरून कारंज्यासारखं सोडा. पाणी खालून उचला म्हणजे थर पण मोडतील, पण आज एकदम पूर्ण नको, खालचं घाण पाणी एकाच रात्री वर येईल. पहिले दोन-तीन दिवस दुपारी तासभर, ऑक्सिजन भरपूर असताना, मग रात्री.

निफाडचा_पोरगा
सर, आमच्या फीडरला या आठवड्यात दिवसाचीच लाइट आहे, म्हणजे दुपारचं जमेल. पुढच्या आठवड्यात रात्रीची, तेव्हा रात्री चालवीन. थर्मामीटर आणि पीएच मीटर आणलाय.

निफाडचा_पोरगा
अपडेट देतो, बारा दिवस झाले. वही केलीये, पहाटे पाच आणि दुपारी तीन. पहिल्या दिवशी पहाटे २६ अंश पीएच ७.९, दुपारी वर ३२ अंश पीएच ९.६, आणि दोरीला बाटली बांधून तळाचं पाणी काढलं तर ते २७ आणि वास येणारं. आज पहाटे २६ आणि ७.८, दुपारी वर ३०, तळाला २९, पीएच ८.७. पाणी अजून हिरवंच आहे पण तळवा दिसतो. कॉलेज रोडच्या दादांनी ऑक्सिजन मीटर घेऊन यायची तयारी दाखवली, ते परवा आले, पहाटे ४ वाजता मोटर चालू असताना ४.२ आला, मृगळ वर येत नव्हते. वडील वहीत स्वतः आकडे लिहितात आता. काल म्हणाले, पावसाळ्यात परत बोटुकली आणू. यावेळी गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) मासे पण सोडायचा विचार आहे, ते शेवाळ खातात ना?

कॉलेजरोड_अक्वा
वडिलांच्या हातचा चहा अजून लक्षात आहे भाऊ. चंदेरा पाण्यात तरंगणारं बारीक हिरवं गाळून खातो, गवत्या मोठ्या वनस्पती आणि धाग्याचं शेवाळ खातो पण त्याची विष्ठा परत खतच होते, त्यामुळं थोडेच सोडा. आणि बोटुकलीची पिशवी आली की लगेच पाण्यात ओतू नका, पिशवी बंद असतानाच तळ्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या, म्हणजे तापमान आणि पीएच दोन्ही हळूहळू जुळेल. दुपारी साडेनऊ पीएचच्या पाण्यात एकदम सोडलेली पिल्लं माझ्या डोळ्यांसमोर गेलीयेत. सकाळी सातच्या आत सोडा. मी येतो त्या दिवशी मीटर घेऊन.